राजा देवाचा, की राज्य देवाचं? अहिल्याबाईंच्या सहीची गोष्ट

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 10, श्लोक 27



विभूतियोगाच्या आपण अगदी मधोमध आलोय. तुझं चिंतन करायचं तर तुला कुठे कुठे पाहू, असं अर्जुनाने विचारलंय आणि भगवंत एकेक नाव सांगत चाललेत. कालच्या श्लोकात झाडांमध्ये पिंपळ आला, देवर्षींमध्ये नारद आले, सिद्धांमध्ये कपिलमुनी आले. आजच्या श्लोकात तिघं आहेत. घोड्यांमध्ये अमृतमंथनातून वर आलेला उच्चैःश्रवा, हत्तींमध्ये ऐरावत आणि माणसांमध्ये राजा.

पहिल्या दोघांबद्दल काही प्रश्न पडत नाही. तिसऱ्यापाशी मात्र आपल्यासारखा रांगेत उभं राहून मतदान करणारा माणूस थबकतो. माणसांमधला राजा म्हणजे मी, असं देवच सांगत असेल, तर राजाला जाब कोण विचारणार?

या प्रश्नाचा फायदा उठवणारे जगभर होऊन गेले. इंग्लंडचा पहिला जेम्स 1610 मध्ये पार्लमेंटसमोर उभा राहिला आणि राजांना थेट देवांच्या पंक्तीत बसवून आला. आपल्याकडे मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजा आठ लोकपालांच्या अंशांतून घडला असं सांगितलंय. राजा अगदी लहान मूल असला तरी त्याला साधा माणूस समजू नये, असंही तिथेच आहे. सिंहासनाला एकदा देवाचा टेकू लागला की ते हलवणं फार अवघड जातं.

पण आपल्याच ग्रंथांनी या दाव्याला वेसणही घातली आहे. भागवताच्या चौथ्या स्कंधातला वेन राजा आठवतोय का? त्याला गादीवर ऋषींनीच बसवलं होतं. सत्ता डोक्यात गेल्यावर त्याने यज्ञ बंद केले, दान बंद केलं. सगळे देव राजाच्या शरीरातच असतात, तेव्हा पूजा करायची तर माझी करा, असं त्याने बजावलं. म्हणजे आजच्या श्लोकाचाच अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला! ज्या ऋषींनी त्याला बसवलं होतं, त्यांनीच नुसत्या हुंकाराने त्याला संपवलं. पुढे त्याच्याच बाहूंच्या मंथनातून पृथू राजा प्रकटला. पृथू खरोखर भगवंताचा अंश, पण भाट त्याची स्तुती गायला लागले तेव्हा त्याने त्यांना थांबवलं. अजून मी काही केलेलंच नाही, मग स्तुती कसली, असा त्याचा सवाल होता.

वेन आणि पृथू. दोघांच्याही बाजूने शास्त्र उभं करता येतं. मग फरक कुठे पडतो? आज तो फरक पुराणात न शोधता अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका खऱ्या आयुष्यात पाहू. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर.

चौंडीची मुलगी

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी गावचा. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील, घर धनगरांचं. गावातल्या देवळात या चुणचुणीत मुलीवर मल्हारराव होळकरांची नजर पडली आणि त्यांनी तिला सून म्हणून मागून घेतलं, अशी कथा घरोघर सांगतात. 1733 मध्ये मल्हाररावांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी तिचं लग्न झालं. वय वर्षं आठ.

मल्हारराव स्वतः साध्या घरातून वर आलेले. बाजीराव पेशव्यांच्या मोहिमांमधून ते माळव्याचे सुभेदार झाले. होळकरांची सत्ता तलवारीवर आणि पेशव्यांच्या सनदेवर उभी होती. तिच्यामागे ना सूर्यवंश होता, ना चंद्रवंश. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अहिल्याबाईंना दोन मुलं झाली, मालेराव आणि मुक्ताबाई. मग आलं 1754 साल. सूरजमल जाटाच्या कुंभेरच्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला होता. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवलं. मुलगा गेलाय, आता तूच माझा मुलगा, हा पसारा सांभाळायला मला तू हवीस, असं त्या म्हाताऱ्या सरदाराने सुनेला विनवलं, असं सांगतात. अहिल्याबाई थांबल्या. सती जाण्याला तेव्हा समाजात केवढं पुण्य मानलं जात होतं ते आठवलं, की या थांबण्याचं वजन कळतं. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांनाही पडला असेलच की.

पुढची बारा वर्षं त्यांचं शिक्षण चाललं. हिशेब, वसुली, न्यायनिवाडे, पत्रव्यवहार. मल्हारराव मोहिमेवर असताना सुनेला पत्रं लिहीत. त्यात तोफा, दारूगोळा आणि रसद यांच्या सूचना असत. देवघरात बसणारी सून एवढंच चित्र आपण डोळ्यांसमोर ठेवतो, पण ही सून तोफखान्याची व्यवस्थाही बघत होती.

गादी कोणाची?

1766 मध्ये आलमपूरला मल्हारराव वारले. नातू मालेराव गादीवर बसले आणि वर्षभराच्या आत, 1767 मध्ये, तेही गेले. नवरा, सासरा, मुलगा. आता गादी कोणाची?

इथे थोडं थांबू, कारण आजच्या श्लोकाचा प्रश्न इथे अगदी टोकदार होतो. राजाला धर्माची मान्यता मिळवून देण्याचा जो रूढ मार्ग होता, तो अहिल्याबाईंना मिळणारच नव्हता. शिवाजी महाराजांसारख्या स्वयंभू राजालाही 1674 मध्ये गागाभट्टांकडून क्षत्रियत्व सिद्ध करून घेऊन वैदिक राज्याभिषेक करवून घ्यावा लागला होता. मग धनगराच्या घरातली, विधवा, पुत्र नसलेली बाई! त्या काळच्या पंडितांच्या हिशेबात ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी हीच संधी साधली. एखादं लहान मूल दत्तक घ्यावं, बाईंनी खर्चापुरती नेमणूक घेऊन देवधर्म करावा, कारभार आम्ही बघू, अशी त्यांची योजना होती. वरून किती सोज्ज्वळ वाटते बघा! देवाचं नाव घेऊन एखाद्याला गादीवर बसवता येतं, तसंच देवाचं नाव घेऊन एखाद्याला हळूच बाजूलाही करता येतं. देवघरात पाठवण्याइतकी सोयीची हद्दपारी दुसरी नाही.

अहिल्याबाईंनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी या घराच्या एका वारसाची पत्नी आणि दुसऱ्या वारसाची आई आहे. पुढे कोण, हे ठरवण्याचा हक्क माझा आहे. दिवाणाने मग पेशव्यांचे चुलते राघोबादादा यांना हाताशी धरलं. दादा फौज घेऊन उज्जैनच्या बाजूला आले. त्यानंतरची कथा तुम्हाला माहीतच असेल. अहिल्याबाईंनी स्त्रियांची तुकडी उभी केली, इतर सरदारांना मदतीची पत्रं धाडली आणि दादांना निरोप पाठवला की बाईला हरवलंत तर कीर्ती नाही आणि बाईकडून हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. दादांनी मग आपण तर सांत्वनाला आलो होतो असं म्हणून वेळ निभावून नेली.

पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते. वयाने विशीतले, पण न्यायाला पक्के. त्यांनी अहिल्याबाईंचा हक्क मान्य केला. फौजेची जबाबदारी होळकर कुळातल्या तुकोजीरावांकडे गेली आणि मुलकी कारभार बाईंकडे राहिला. तुकोजीराव त्यांना मातोश्री म्हणत.

म्हणजे कागदावर पाहिलं तर अहिल्याबाईंना अधिकार देवाने दिला नव्हता. तो त्यांनी माणसांकडे मागितला, हक्काने मागितला आणि माणसांकडूनच मंजूर करून घेतला. सत्ता मिळवताना त्यांनी देवाला साक्षीदार म्हणून उभं केलं नाही. देव आला तो नंतर.

सही

राजधानी त्यांनी इंदूरहून महेश्वरला नेली, नर्मदेच्या काठावर. महेश्वरचा वाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, राजवाडा म्हणावा असं तिथे फारसं काही नाही. साधी लाकडी खांबांची ओसरी, बसायची गादी आणि देवघर. घाटावर मात्र पाहत राहावं असं दगडी काम. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आधी घाट पाहिला आणि मग वाडा शोधत राहिलो.

इथून निघणाऱ्या हुकुमांवर अहिल्याबाई स्वतःचं नाव घालत नसत. तिथे असे ते दोन शब्द : श्री शंकर. राज्य शंकराचं, मी त्याच्या वतीने कारभार बघणारी. त्यांच्या चित्रांमध्ये आणि पुतळ्यांमध्ये तळहातावर शिवपिंडी दिसते, तिचा अर्थ हाच.

ही कल्पना त्यांनी नव्याने काढली असं नाही. मेवाडचे महाराणा स्वतःला एकलिंगजींचे दिवाण म्हणवत, राजा एकलिंगजी. त्रावणकोरच्या मार्तंड वर्मांनी 1750 मध्ये सगळं राज्य पद्मनाभस्वामींना अर्पण केलं आणि पद्मनाभदास म्हणून राज्य चालवलं. पुरीचे गजपती राजे रथयात्रेत सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन जगन्नाथाचा रथ झाडतात.

पण भाबडेपणा नको. यात धोका आहेच. राज्य देवाचं ठरलं की राजाविरुद्धचं बंड हे देवाविरुद्धचं पाप ठरतं. मार्तंड वर्मांनी आसपासची कितीतरी राज्यं जिंकून घेतली होती. ती सगळी पद्मनाभाच्या चरणी वाहिल्यावर ती परत मागणार कोण? भक्ती होतीच, पण राजकारणही होतं.

आमच्या क्षेत्रात एक प्रकार असतो, सर्व्हिस अकाउंट. काम माणूस करतो, पण सिस्टीमवर नाव त्या अकाउंटचं दिसतं. याचे दोन परिणाम होऊ शकतात. एक, नेमकं कोणी काय केलं हे त्या नावाआड लपून जातं. दुसरा, अकाउंट स्वतःचं नाही म्हणून माणूस प्रत्येक कमांड दोनदा तपासून देतो आणि लॉग कोणीही कधीही उघडेल हे धरून चालतो. श्री शंकर ही सहीसुद्धा या दोन्ही प्रकारे वापरता आली असती. अहिल्याबाईंनी ती कशी वापरली, हे सहीवरून कळणार नाही. ते त्यांच्या वागण्यावरून ठरवायला हवं.

लॉग उघडून पाहू

त्यांच्या निधनानंतर काही दशकांतच जॉन माल्कम हा ब्रिटिश अधिकारी माळव्यात कारभार बघत होता. बाईंना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्याने चौकशी करून जे लिहिलं ते 1823 मध्ये प्रसिद्ध झालं. तो परका, परधर्माचा, सत्तेच्या दुसऱ्या बाजूचा. त्याला त्यांची स्तुती करायचं काही कारण नव्हतं. त्याने नोंदवलेला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो : सत्तेच्या प्रत्येक वापराबद्दल आपल्याला देवापुढे जाब द्यायचा आहे, असं ही बाई मानत असे.

त्यांचा दिनक्रमही त्याने दिलाय. पहाटे सूर्योदयाच्या बऱ्याच आधी उठून स्नान, पूजा, मग पुराणश्रवण, दानधर्म, अन्नदान. साधं शाकाहारी जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबारात येऊन संध्याकाळपर्यंत काम. पुन्हा पूजा, थोडा फराळ आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत परत काम. पडदा नाही. फिर्याद घेऊन आलेला माणूस थेट समोर. पूजा आणि काम यांच्यामध्ये भिंत नव्हती. पुराण ऐकून उठायचं आणि कोणाच्या तरी शेताचा वाद ऐकायला बसायचं.

पैशाचं बघा. होळकरांकडे दोन वेगळे हिशेब होते. दौलतीचा, म्हणजे राज्याचा आणि फौजेचा. आणि खासगीचा, जो 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना दिलेल्या उत्पन्नातून सुरू झाला होता आणि पुढे अहिल्याबाईंकडे आला. देवळं, घाट, धर्मशाळा यांचा खर्च त्या खासगीतून करत. देवाच्या कामासाठी राज्याचा पैसा वळवला नाही. विचार करा, राज्यच शंकराचं म्हटल्यावर शंकराच्या देवळासाठी खजिना उघडायला कोणी अडवलं असतं? तरीही दोन वह्या वेगळ्याच राहिल्या.

राघोबादादांनी एकदा मोहिमेसाठी खजिन्यातला पैसा मागितला, तेव्हाची गोष्टही सांगतात. बाईंनी कळवलं की हे धन तुळशीपत्र ठेवून, पाणी सोडून धर्माला दिलेलं आहे. आपण ब्राह्मण आहात, दान म्हणून घेणार असाल तर संकल्प सोडते. दादा दान कसं घेणार!

दुसरा प्रसंग माल्कमने नोंदवलेला. इंदूरचा एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. तुकोजीरावांची छावणी तेव्हा इंदूरजवळ होती. लोकांच्या सांगण्यावरून त्यांनी त्या संपत्तीत हिस्सा मागायला सुरुवात केली. सावकाराची विधवा महेश्वरला पोचली. अहिल्याबाईंनी मानाची वस्त्रं देऊन तीच संपत्तीची मालकीण असल्याचं मान्य केलं आणि तुकोजीरावांना हुकूम पाठवला की छावणी इंदूरपासून दूर हलवा, माझ्या शहराला त्रास नको. फौज तुकोजींच्या हातात होती हे विसरू नका. स्वतःच्याच सेनापतीला त्यांनी एका सामान्य विधवेसाठी मागे सरकवलं. निपुत्रिकाचं धन सरकारजमा करणं ही तेव्हा सर्रास चालणारी गोष्ट होती. जिला स्वतःलाच विधवा म्हणून बाजूला सारू पाहिलं होतं, तिने तो दरवाजा दुसऱ्या विधवांसाठी बंद केला.

आणि तिसरा प्रसंग माझ्या सगळ्यात आवडीचा. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे शेवटपर्यंत ऐकला. आपण एवढ्या स्तुतीच्या लायक नाही असं सांगितलं, ग्रंथ नर्मदेत सोडायला लावला आणि लेखकाकडे पुढे लक्ष दिलं नाही. पृथू राजाने भाटांना थांबवलं ते आठवा. पहाटे ऐकलेलं पुराण दुपारी दरबारात वापरलं गेलं असं म्हणायला हरकत नाही.

राज्याच्या सीमेपलीकडे

काशी विश्वनाथाचं मंदिर त्यांनी 1780 मध्ये उभं केलं. सोमनाथला 1783 मध्ये, गयेचं विष्णुपद मंदिर 1787 मध्ये. वेरूळचं घृष्णेश्वर, काशीचे घाट, केदारनाथपासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रं. दूरदूरच्या देवळांना दर वर्षी गंगेचं पाणी पोचवण्याची व्यवस्था.

यादी आपल्याला पाठ असते, पण एक गोष्ट सहज निसटते. यातली बहुतेक ठिकाणं होळकरांच्या राज्यात नव्हतीच. राजे देवळं बांधतात ती बहुधा आपल्या राजधानीत, म्हणजे देवाच्या वैभवाबरोबर आपलंही दिसतं. गयेतल्या घाटावर बसलेल्या यात्रेकरूकडून महेश्वरला एक पैसा महसूल येणार नव्हता. पण मालक शंकर असेल तर त्याची माणसं फक्त माळव्यात कशी असतील? सहीचा अर्थ त्यांनी असा शेवटपर्यंत नेला.

आणि राज्याच्या आतही. नर्मदेच्या खोऱ्यातले भिल्ल वाटसरूंना लुटत. त्यांच्याशी आधी कठोर वागून झाल्यावर बाईंनी त्यांचा एक जुना हक्क मान्य केला. त्यांच्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर त्यांनी भिलकवडी नावाचा छोटा कर घ्यावा आणि बदल्यात वाट सुरक्षित ठेवावी. तीही शंकराचीच माणसं.

1791

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख फार गोड झाला असता. पण आयुष्य तिथे थांबलं नाही.

मुक्ताबाईंचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं होतं. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण. तो ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ 1791 मध्ये यशवंतरावही गेले. आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला.

अहिल्याबाईंनी लेकीला परोपरीने विनवलं. सासऱ्यांनी कधीकाळी त्यांना विनवलं होतं, तसंच. मला एकटीला टाकून जाऊ नकोस म्हणून पाया पडायचं बाकी ठेवलं नाही. मुक्ताबाईंनी ऐकलं नाही. तुझे थोडे दिवस राहिलेत, माझ्यापुढे अख्खं आयुष्य आहे आणि ते रिकामं आहे, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. त्या नर्मदेकाठी सती गेल्या. सत्तरीकडे झुकलेली आई चितेपाशी उभी होती, तिला दोघांनी धरून ठेवलं होतं. नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही, शब्द काढला नाही.

ज्या बाईच्या हुकुमावर श्री शंकर लिहिलेलं असायचं, तिला हा एक हुकूम काढता आला नाही. का? कारण सती ही राज्याची आज्ञा नव्हतीच. ती धर्म म्हणून लोकांच्या मनात बसली होती, आणि तिथे महेश्वरची सही पोचत नव्हती. देवाच्या नावाने चालणारी दुसरी एक सत्ता होती. तिला गादी नव्हती, दरबार नव्हता, आणि तिच्याकडे फिर्याद घेऊन जाता येत नव्हतं.

मला दोन चितांमधला फरक सारखा दिसत राहतो. 1754 मध्ये मल्हाररावांनी सुनेला नुसतं थांब म्हटलं नाही, काम दिलं. ये, हे राज्य सांभाळ म्हटलं. 1791 मध्ये मुक्ताबाईंपुढे आईचं प्रेम होतं, पण जगायला स्वतःचं काही उरलं नव्हतं. माळव्यातल्या कितीतरी विधवांना बाईंनी त्यांचं धन परत मिळवून दिलं. स्वतःच्या लेकीपुढे विधवेचं एक वेगळं आयुष्य उभं करायला काळाने त्यांना जागा ठेवली नाही. पुण्यश्लोक म्हणून हात जोडताना हा प्रसंग वगळू नये असं मला वाटतं. देवाच्या नावावर चाललेली प्रत्येक गोष्ट देवाची नसते, हे याच आयुष्यात दिसतं.

चार वर्षांनी, 13 ऑगस्ट 1795 रोजी, महेश्वरला अहिल्याबाई वारल्या. सत्तर वर्षांचं आयुष्य, त्यातली जवळपास तीस वर्षं कारभारात. शेवटपर्यंत दरबार चालू होता.

आजचं मनन

आता परत श्लोकाकडे. माणसांमध्ये राजा ही माझी विभूती, असं भगवंत सांगतात. याच अध्यायात अकरा श्लोक पुढे जा. अडतिसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की शासन करणाऱ्यांच्या हातातला दंडही मीच आहे. म्हणजे सिंहासनावर जो आहे तोच दंडातही आहे. मनुस्मृतीचा तोच सातवा अध्याय असंही बजावतो की धर्मापासून ढळलेल्या राजाला दंड त्याच्या बांधवांसकट नष्ट करतो. वेनाने अर्धंच वाचलं होतं.

आणि विभूती म्हणजे काय? भगवंत त्यात दिसतो ते ठिकाण. पिंपळात देव पाहायचा असतो, म्हणून पिंपळ काही स्वतःला देव म्हणवत नाही. तसंच राजाचं. प्रजेने राजात देव पाहावा हे एक वेळ ठीक, पण राजाने स्वतःत तो पाहिला की वेन जन्मतो. राजाने पाहायचा तो समोर फिर्याद घेऊन उभ्या असलेल्या विधवेत. अहिल्याबाईंनी तो तिथे पाहिला म्हणून त्यांची सही खरी ठरली.

आज राजे नाहीत. होळकरांचं संस्थानही 1948 मध्ये विलीन झालं. पण थोडीथोडी सत्ता आपल्या प्रत्येकाकडे आहेच. कोणी टीम लीड आहे, कोणी सोसायटीचा सेक्रेटरी, कोणी घरात कमावणारं एकटं माणूस, कोणी मंडळाचा खजिनदार. आज दिवसभरात जिथे जिथे आपला शब्द चालतो, तिथे निर्णय देण्याआधी मनातल्या मनात स्वतःच्या नावाऐवजी श्री शंकर लिहून पाहा. आणि मग दोन वह्या वेगळ्या आहेत ना, स्तुती करणाऱ्याचं ऐकून आपण फुललो नाही ना, आणि ज्याचा शब्द चालत नाही तो माणूस आपल्यापर्यंत पोचू शकतो ना, एवढं तपासा. सही तिथे शोभते की नाही, हे आपलं आपल्याला कळेल.

उद्या श्लोक 28. आयुधांमध्ये वज्र आणि गाईंमध्ये कामधेनू. वेळ मिळाला तर आधी वाचून या.

राम कृष्ण हरि!